दिल्लीचे हिंदूराव आणि त्यांचे घर

उत्तर दिल्लीत हिंदूराव हे नाव उच्चारले की रिक्षावाला थेट महापालिकेच्या रुग्णालयाकडे घेऊन जातो. रिज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवरचे हे रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते हिंदूराव घाटगे कोल्हापूरजवळच्या कागलचे मराठा सरदार होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म पुढे याच घाटगे घराण्यात झाला.

हिंदूरावांचे वडील सर्जेराव घाटगे यांचे नाव पुणेकरांनी धास्तीनेच घेतले. 1798 मध्ये त्यांनी आपली कन्या बायजाबाई दौलतराव शिंदे यांना दिली आणि त्याच वर्षी पुण्यातून सक्तीने पैसा वसूल केला. 1827 मध्ये दौलतराव निवर्तले. त्यानंतर ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती आला आणि त्यांच्या या भावाचे दरबारातील वजन वाढले. 1833 मध्ये दत्तकपुत्र जनकोजीरावांच्या पक्षाने बायजाबाईंना राज्याबाहेर पडण्यास भाग पाडले. घाटग्यांची सत्ताही तेथेच संपली. हिंदूरावांनी पुढे दिल्ली जवळ केली.

टेकडीवरील हा प्रशस्त बंगला 1830 च्या सुमारास विल्यम फ्रेझर यांनी बांधला होता. कंपनी सरकारच्या या वरिष्ठ अधिकाऱ्याचा 22 मार्च 1835 रोजी दिल्लीत खून झाला. या प्रकरणात फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन यांना फाशी देण्यात आली. ओसाड पडलेला बंगला हिंदूरावांनी विकत घेतला. राज्य नाही, फौज नाही, अशा अवस्थेत हा मराठा सरदार इंग्रज अधिकाऱ्यांच्या वर्तुळात आतिथ्यशील यजमान म्हणून वावरू लागला. वडिलांशी तुलना केली तर हा बदल लहान नव्हे.

त्यांच्या हातून घडलेले एक काम मात्र इतिहासाच्या अभ्यासकांनी विसरू नये. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणून या टेकडीवर उभा केलेला सम्राट अशोकाचा स्तंभ अठराव्या शतकाच्या आरंभी स्फोटाने भंगला होता. त्याचे पाच तुकडे या आवारात पडून होते. हिंदूरावांनी ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीला दिले. जेम्स प्रिन्सेप यांनी 1837 मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, तो हाच काळ. अवजड दगड कलकत्त्याला नेणे कठीण असल्याने कोरीव लेखाचा भाग तेवढा कापून पाठविण्यात आला. तो 1866 मध्ये परत आला आणि पुढल्या वर्षी स्तंभ जोडून पुन्हा उभारण्यात आला.

हिंदूरावांचे निधन 1857 च्या उठावापूर्वीच झाले होते. त्यांच्या घराला जगभर प्रसिद्धी मिळाली ती त्यानंतर, आणि तीही इंग्रजांचे ठाणे म्हणून. 8 जून 1857 रोजी इंग्रज फौजेने टेकडी ताब्यात घेतली. या बंगल्याच्या रक्षणाची जबाबदारी मेजर चार्ल्स रीड यांच्या सिरमूर बटालियनच्या गुरख्यांवर होती. दिल्लीतून निघणाऱ्या शिपायांच्या तुकड्या या ठाण्यावर वारंवार तुटून पडल्या. दिल्ली इंग्रजांच्या हाती पडेपर्यंत बटालियनच्या 490 पैकी 327 जण ठार वा जखमी झाले होते. तोफांच्या माऱ्याने घराचीही चाळण झाली. या लढाईत हिंदूरावांचा कसलाच वाटा नव्हता, तरी युद्धवर्णनांमधून त्यांचे नाव इंग्लंडपर्यंत पोहोचले.

पर्यटकांसाठी हा परिसर अर्ध्या दिवसाचा आहे. रुग्णालयाच्या आवारात तुघलककालीन बारव आहे. अशोकस्तंभ आणि 1857 मधील इंग्रज सैन्याचे स्मारक पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. या स्मारकाला 1972 मध्ये अजितगड हे नाव देण्यात आले. डागडुजी होऊन रूप पालटलेला बंगला मात्र रुग्णालयाचाच भाग असल्याने, तो पाहताना रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची वाट मोकळी ठेवावी लागते.