सुळेभावी ते देवास

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला क्षय झाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, वर्ष बुडाले. रक्ततपासणीचा कागद आला की घरातले सगळे एकाच आकड्याकडे पाहायचे. तो आकडा ई.एस.आर.चा. पुढे तो उतरला, डॉक्टरांनी बरी झाल्याचे सांगितले. पण जिना चढताना दम लागायचा आणि मनातली भीती काही जाईना. म्हणून आईने मला मावशीकडे धारला धाडले.

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. एके दिवशी मावशी मला इंदूरमार्गे देवासला घेऊन गेली. माताजीच्या टेकडीखाली तिने मला एक घर दाखवले. ते कुमार गंधर्वांचे. आपल्या बेळगावकडचा हा माणूस माझेच दुखणे घेऊन इथे आला होता, हे मला तेव्हा प्रथम कळले.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी सुळेभावीचा. मातृभाषा कन्नड. लहानपणीच कुमार गंधर्व ही उपाधी मिळाली. अकराव्या वर्षी ते मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला गेले. विशीत नाव झाले, १९४७ मध्ये भानुमतींशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ मध्ये हे जोडपे देवासला आले. गाणे जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

आता त्या आकड्याविषयी थोडे. शरीराला जखम झाली किंवा कुठे दाह सुरू झाला की पांढऱ्या पेशी रक्तावाटे यकृताला वर्दी देतात. यकृत मग आपले नेहमीचे काम बदलते. अल्ब्युमिन कमी करते, फायब्रिनोजेन वाढवते. फायब्रिनोजेन वाढले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि नळीत लवकर खाली बसतात. तासाभरात किती मिलिमीटर खाली गेल्या, तो ई.एस.आर. दुसरे प्रथिन सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडले. दाह भडकला की काही तासांत ते वाढू लागते, शेकडो पटींनीही वाढते आणि दाह शमला की झपाट्याने उतरते. ही प्रथिने रोगाचे नाव सांगत नाहीत. घरात आग आहे, एवढेच सांगतात.

कुमारांच्या घरातली आग चार-पाच वर्षे धुमसत होती. भानुमतींनी शुश्रूषा केली, संसारही ओढला. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमार बायकांची माळवी गाणी आणि दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने ऐकत राहिले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, रोग हटला आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. पण एक फुप्फुस कायमचे निकामी झाले होते.

मला सारे इथेच उमगले. दाह गेला की रक्त पूर्ववत होते. फुप्फुसावरचा व्रण मात्र राहतो. कागदावरचा चांगला आकडा म्हणजे पूर्वीचे शरीर परत मिळणे नव्हे. कुमारांनी गेलेल्या श्वासाची वाट पाहिली नाही. उरलेल्या श्वासात मावतील असे छोटे, टोकदार स्वर त्यांनी घेतले. अपुऱ्या दमामुळे तसे गावे लागले, असे काहीजण म्हणतात. पण माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार असे नवे राग उभे केले, कबीर मैफलीत आणला. हे काही अपुऱ्या दमाने होत नाही. १९६१ मध्ये भानुमती गेल्या. तो घावही त्यांनी सोसला. पुढे वसुंधराताईंची साथ लाभली. 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला, १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना त्यांच्या जन्माचा अभिमान आहे, आम्हा मराठी वाचकांना त्यांच्या गाण्याचा आणि माळव्याला दोन्हींचा.

त्या संध्याकाळी मी टेकडी चढले. चार ठिकाणी बसले, दम घेतला, पुन्हा उठले. वर पोहोचायला मावशीपेक्षा बराच वेळ लागला. पण पोहोचले.