आईला सर्दी-खोकला असताना बाळाला पाजावे का? डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यातून

आंबोलीत पाऊस लागला की धुके थेट घरात येते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि दवाखान्यात सर्दी-खोकल्याची गर्दी सुरू होते. त्या गर्दीत अंगावर पिणारे बाळ घेऊन एखादी आई हमखास असते. सोबत सासूबाई किंवा माहेरची आई. आईची सर्दी दुधातून बाळाला लागेल का, चार दिवस पाजणे थांबवावे का, हा प्रश्न ठरलेला.

उत्तर आधीच सांगते. थांबवू नका, पाजत राहा. यामागचे कारण आणि घ्यायची काळजी सांगताना मला डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. तुम्ही त्यांना पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून ओळखता. पण डॉक्टर होण्याआधी त्या एका तान्ह्या बाळाच्या आई होत्या.

दहा दिवसांचे बाळ

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून होते, वयाने बरेच मोठे, आणि बायकोने शिकलेच पाहिजे या हट्टाचे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो दहा दिवसांतच गेला.

त्या काळी बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला तपासणारी स्त्री-डॉक्टर जवळपास कुठेच नव्हती, आणि पुरुष डॉक्टरला दाखवायला घरचे तयार नसत. बाळ गेल्यावर आनंदीबाईंनी स्वतःच डॉक्टर व्हायचे ठरवले. एप्रिल १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपल्याकडे स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हे मांडले होते.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय त्यांनी प्रसूतिशास्त्र हा निवडला.

आज तुमच्या हाताशी लसीकरण आहे, आशाताई आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्या चौदा वर्षांच्या आईजवळ यातले काहीच नव्हते. म्हणून आज जे माहीत आहे ते नीट वापरूया.

सर्दी दुधातून जाते का?

नाही. साध्या सर्दीचे विषाणू शिंक-खोकल्याचे तुषार आणि हात यांमधून पसरतात, दुधातून नाही. शिवाय तुम्हाला पहिली शिंक येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू तुमच्या नाका-घशात असतो. त्या काळात बाळ तुमच्या कुशीतच होते. आता पाजणे थांबवून संसर्ग टळत नाही, उलट बाळाचे संरक्षण जाते.

ते संरक्षण असे मिळते. तुमचे शरीर या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे लढणारी प्रथिने, बनवू लागते. ती बनवणाऱ्या पेशी रक्तातून स्तनांपर्यंत पोहोचतात आणि प्रतिपिंडे दुधात उतरतात. घरात ज्या विषाणूची साथ आहे त्याच्याच विरुद्धची ही मदत असते. डब्यातल्या पावडरीत ती मिळत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका आईने सर्दी झाली म्हणून चार दिवस वरचे दूध दिले, तेही बाटलीने आणि पातळ करून. आईची सर्दी बरी झाली, पण बाळाला जुलाब लागले आणि आईचे दूधही कमी झाले. तिने हे केले ते काळजीपोटी. म्हणूनच हे आधी माहीत असायला हवे.

पाजताना काय काळजी घ्याल?

- बाळाला घेण्याआधी हात साबणाने २० सेकंद धुवा.
- पाजताना मास्क लावा. नसेल तर स्वच्छ रुमालाने किंवा ओढणीने नाक-तोंड झाका.
- बाळाच्या तोंडाचे, हातांचे पापे घेऊ नका. सर्दी झालेल्या इतरांनाही बाळ देऊ नका.
- भरपूर पाणी, गरम पेज, कढण घ्या. ताप असेल तर तहान जास्त लागते.
- फारच थकवा असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने घरच्यांना पाजू द्या.
- वाफ घेताना बाळ जवळ नको. उकळत्या पाण्याने भाजण्याचे प्रकार होतात.
- पावसात ऊब हवी म्हणून बाळाच्या खोलीत शेगडी पेटवू नका, धुरीही देऊ नका. धुराने बाळाची छाती भरते, आणि बंद खोलीत कोळशाचा वायू जिवावर बेततो.

औषधांचे म्हणाल तर ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. दुकानातली सर्दीची एकत्रित गोळी मात्र मनाने घेऊ नका. तिच्यातल्या काही घटकांनी बाळाला गुंगी येऊ शकते. नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध टाळा. तुम्ही अंगावर पाजता हे डॉक्टरांना आणि औषध देणाऱ्याला आवर्जून सांगा.

बाळाचे नाक चोंदले असेल तर पाजण्याआधी सलाइनचे थेंब घाला आणि थोडे-थोडे, वारंवार पाजा. नाकात तेल घालू नका. सहा महिन्यांच्या आत पाणी, मध, गुटी काहीही नको.

आनंदीबाईंचे आजारपण

इथे गोष्टीचा दुसरा भाग येतो. अमेरिकेत असतानाच आनंदीबाईंची तब्येत ढासळत गेली. त्यांना क्षयरोग, म्हणजे टीबी, झाला होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता, पण औषध यायला आणखी साठ वर्षे लागणार होती. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, महिला विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. आपल्या भागातले अनेक जण आजही उपचाराला घाट ओलांडून कोल्हापूरला जातात. आनंदीबाईंना मात्र तिथे काम करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

म्हणून सर्दीला घाबरू नका, पण लांबलेला खोकला अंगावर काढू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासून घ्या. बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

टीबी निघाला तरी बहुतेक आयांना बाळाला पाजता येते. टीबीसुद्धा हवेतून पसरतो, दुधातून नाही. आईचे औषध लगेच सुरू करायचे, मास्क वापरायचा आणि बाळाला तपासून डॉक्टर सांगतील ते प्रतिबंधक औषध द्यायचे. स्तनालाच टीबीची गाठ किंवा गळू असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाजा.

बाळाला लगेच केव्हा दाखवाल?

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅ. किंवा त्याहून जास्त ताप
- अंग गार पडणे, बाळ मलूल होणे, उठवूनही न उठणे
- अंगावर पिणे सोडणे किंवा लघवी खूप कमी होणे
- दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास (बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा)
- श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, कण्हणे, ओठ निळे होणे

यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची किंवा पाऊस थांबण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. घाटात रात्री गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून लवकर निघा. शक्य असेल तर वाटेतही बाळाला पाजत राहा.

आईलाही धाप लागत असेल किंवा ताप तीन दिवसांत उतरत नसेल तर तिनेही तपासून घ्यावे. घरच्यांनो, ही जबाबदारी तुमची आहे. आई स्वतःहून सांगत नाही.

आनंदीबाईंना आपल्या बाळासाठी मदत मिळाली नाही, म्हणून ती मदत स्वतः शिकून घ्यायला त्या सातासमुद्रापार गेल्या. तुमच्यासाठी ती गावातच आहे. सर्दी झाली तर बाळाला छातीशी घ्या आणि पाजा. शंका वाटली तर दवाखान्यात या.