मीराबेन : मातीच्या कुटीच्या शिल्पकार

सेवाग्रामची बापूकुटी पाहिली नाही असा विद्यार्थी वर्धा जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. परंतु ती कुटी कोणाच्या कल्पनेतून उभी राहिली असे विचारले, तर आपल्यापैकी पुष्कळ जण गप्प होतील. ती उभारली मीराबेननी, आणि तीही गांधीजींसाठी नव्हे, तर स्वतःसाठी. त्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात गांधीजींची इंग्रज शिष्या एवढ्या दोन शब्दांत आटोपते. मला मात्र त्यांच्या चरित्रात घर बांधण्याविषयीचा एक मोठा प्रश्न दडलेला दिसतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

मीराबेनचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. 22 नोव्हेंबर 1892 रोजी इंग्लंडमध्ये एका सुखवस्तू घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश आरमारात वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या नेमणुकीमुळे ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर मॅडेलिन काही काळ मुंबईत राहिल्या, पण साहेबांच्या मेजवान्यांपलीकडचा हिंदुस्थान तेव्हा त्यांच्या दृष्टीस पडला नाही. त्यांचे खरे वेड होते बीथोव्हेनच्या संगीताचे. या वेडापायीच त्या फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेल्या, आणि रोलाँनी गांधीजींवर लिहिलेल्या छोट्याशा पुस्तकाने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली.

त्या लगेच निघाल्या नाहीत, हे मला विशेष वाटते. सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला तयार केले. मद्य व मांस सोडले, सूतकताई शिकल्या, जमिनीवर बसण्याची सवय लावून घेतली. 7 नोव्हेंबर 1925 रोजी त्या साबरमतीला पोहोचल्या. गांधीजींनी त्यांचे नाव मीरा ठेवले. पुढे 1931 साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले तेव्हा त्या सोबत होत्या, आणि परतल्यावर तुरुंगवासही त्यांच्या वाट्याला आला.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजींनी वर्धा ही आपली कर्मभूमी केली. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. मीराबेन जवळच्या सिंदी गावात ग्रामसफाईला लागल्या. जे काम आपल्याकडे जातीने ठरवून दिलेले, ते एका आरमारी अधिकाऱ्याची मुलगी रोज सकाळी फावडे घेऊन करी. त्यानंतर खऱ्या खेड्यात राहायचे म्हणून त्या वर्ध्यापासून सुमारे 8 किलोमीटरवरील शेगावला गेल्या. या गावी दलित वस्ती मोठी आणि हिवतापाची साथ नेहमीची. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजीही तेथे आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने 1940 साली गावाचे नाव सेवाग्राम झाले.

आश्रमातील पहिले घर म्हणजे आदिनिवास. एकाच मोठ्या खोलीत सर्वांचा मुक्काम! पुढे मीराबेननी स्वतःसाठी निराळी कुटी बांधली आणि अखेरीस गांधीजी तिच्यात राहावयास गेले. तीच आजची बापूकुटी. खर्च शंभर रुपयांच्या पुढे जाऊ नये आणि सामान आसपासचेच असावे, अशी गांधीजींची अट होती असे आश्रमात सांगतात. माती, बांबू, लाकडी खांब आणि कवेलू, एवढ्यावर काम भागले. भिंतीवर मीराबेननी मातीतच चरखा, ताडाची झाडे आणि मोर उठवले. साधेपणा म्हणजे ओकेबोकेपणा नव्हे, हे त्या उठावचित्रांतून समजते.

या कुटीत शास्त्रही आहे. वर्ध्याचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंशांची भट्टी. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते, त्यामुळे भर दुपारी आतली हवा निवलेली राहते. कवेलूंच्या फटींतून वर चढलेली गरम हवा बाहेर पडते. ओसरीमुळे ऊन थेट भिंतीवर येत नाही. मातीच्या भिंतीचा खरा वैरी पाऊस, म्हणून छपराची वळचण खाली उतरवून भिंतीपासून दूर काढावी लागते. आज वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांत पर्यावरणपूरक किंवा शाश्वत वास्तुरचना म्हणून जे शिकवतात, त्यातील बराचसा भाग येथे आठ दशकांपूर्वीच मांडलेला आहे. 1978 साली सेवाग्रामला आलेले विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसून अंतर्मुख झाले आणि घर व सामानाचे कोठार यांतील भेद त्यांनी आपल्या भाषणात उलगडून दाखवला.

येथवर सारे गौरवाचे झाले. परंतु केवळ गौरव करून थांबणे मला अपुरे वाटते. मी मातीच्या घरात वाढले. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मातीचे घर पाहून पाहुणे हरखतात, तेव्हा मला माझ्या आईचे हात आठवतात. दर आठ दिवसांनी सारवण, सणावाराला पोतारणे, पावसाळा संपला की कुटार मिसळून चिखल तुडवायचा आणि खचलेली भिंत लिंपायची. उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, आणि ते फेरून होतात न होतात तोच वानरांची टोळी येऊन निम्मे फोडून जाते. चौकटीला वाळवी लागते ती वेगळीच. हा खर्च शंभर रुपयांच्या हिशेबात कधी धरलेला नसतो, कारण तो बाईच्या अंगमेहनतीने फेडलेला असतो.

आसपासचे सामान या शब्दाचाही विचार करावयास हवा. आपल्या जिल्ह्यातील काळी माती कपाशीला उत्तम, पण पावसात फुगते व उन्हात भेगाळते. भिंतीला ती कामाची नाही, त्यासाठी पांढरी माती शोधावी लागते. म्हणजे जवळचे ते सारेच योग्य असे नव्हे. शिवाय बांबू जंगलातला आणि जंगल सरकारचे. शेगावची मालगुजारी जमनालालजींकडे होती, त्यामुळे आश्रमाला जागा लाभली. भूमिहीन मजुराला मातीसुद्धा कोणाला तरी विचारूनच आणावी लागे. साधी राहणी मीराबेननी निवडली होती, गावाने ती निवडली नव्हती. हा फरक विसरलो तर दारिद्र्यालाच आपण सौंदर्य म्हणू लागू.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी मातीच्या भिंती पाडून विटा-सिमेंटचे दोन खण बांधले, वर टिन टाकले. आईची सारवणाची कटकट मिटली आणि ती समाधानी आहे. आजी मात्र दुपारी तेथे बसू शकत नाही. ती निंबाखाली खाट टाकते. दोघींचेही बरोबर आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न नेमका येथेच आहे. आईचे कष्ट वाचतील आणि आजीला गारवाही मिळेल, असे घर कोण आखणार? वर्ध्याजवळ दत्तपूर येथे 1976 साली स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने या दिशेने प्रयत्न केले आहेत. कुंभाराने घडवलेली निमुळती कवेलू एकमेकांत गुंफून कमानदार छप्पर उभारण्याची वर्धा पद्धत तेथे विकसित झाली. तिला लाकूड व लोखंड फारसे लागत नाही आणि कुंभाराला काम मिळते. असे प्रयोग पाहुण्यांना दाखवण्यापुरते न राहता गावोगावच्या गवंड्यांच्या हाती आले पाहिजेत.

मीराबेनचे पुढील आयुष्य पाहिले की त्यांनाही हा प्रश्न टाळता आला नसता असे वाटते. 1942 साली गांधीजींबरोबर त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे मृत्यू त्यांनी तेथे पाहिले. सुटकेनंतर त्या हिमालयाच्या पायथ्याशी गेल्या, ऋषिकेशजवळ पशुलोक उभारले आणि नंतर भिलंगणा खोऱ्यात राहिल्या. तेथे त्यांच्या ध्यानात आले की पाणी धरून ठेवणारी बांज झाडे मागे हटत आहेत आणि चीड वाढत आहे. चीड वनखात्याला राळ व लाकूड देई. बांज गावाला चारा, पालापाचोळा आणि झऱ्याचे पाणी देई. पूर आणि आटणारे झरे यांचे मूळ त्यांनी या बदलात पाहिले व तसे लिहिले. चिपको आंदोलन 1973 साली सुरू झाले, त्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट! कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा हा हिशेब त्यांनी झाडांच्या बाबतीत अचूक मांडला. घराच्या बाबतीत तो आपण मांडायचा आहे.

1959 च्या जानेवारीत त्यांनी भारत सोडला. व्हिएन्नाजवळच्या रानात, बीथोव्हेनच्या परिसरात त्यांनी शेवटची वर्षे काढली. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. 20 जुलै 1982 रोजी त्यांचे निधन झाले.

मीराबेनना नमन करावे, पण त्यांच्या कुटीची हुबेहूब नक्कल करू नये, असे मला वाटते. त्यांनी नक्कल केली नव्हती. त्यांनी गावाची हवा, माती आणि हातचे कारागीर पाहिले, खर्चाची मर्यादा मानली आणि मग भिंत उचलली. आपण त्यात आणखी एक प्रश्न जोडू या : या घराची डागडुजी उद्या कोण करणार, आणि त्या कामाचे मोल त्याला मिळणार काय? आपल्यापैकी कोणी ग्रामसेवक होईल, कोणी शिक्षक, कोणी ग्रामपंचायतीत निवडून येईल. घरांचे आराखडे तेव्हा आपल्या टेबलावर येतील. त्यावर सही करण्यापूर्वी हा प्रश्न विचारता आला, तर आपले शिक्षण कामी आले असे समजावे.