बास्केटबॉलचे जनक

कॅनडा देशात आल्मंट नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाजवळ ६ नोव्हेंबर १८६१ रोजी जेम्स नायस्मिथ यांचा जन्म झाला. १८७० साली विषमज्वराने त्यांचे आईवडील दोघेही हिरावून नेले. पोरक्या जेम्सचा सांभाळ त्याच्या मामांनी केला. जेम्सचे मन शाळेत रमेना. शाळा सोडून तो रानात लाकूडतोडीच्या कामाला लागला. परंतु काही वर्षांनी त्याला विद्येचे मोल उमगले आणि वाढत्या वयाची लाज न बाळगता तो पुन्हा शाळेत जाऊन बसला.

१८८३ मध्ये ते माँट्रियल येथील मॅगिल विद्यापीठात दाखल झाले. तेथे कसरतपटू आणि फुटबॉलपटू म्हणून त्यांनी लौकिक मिळवला. पदवीनंतर धर्मोपदेशक होण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन आरंभिले. खेळ मात्र सोडला नाही. धर्माच्या अभ्यासकाने दांडगाईचे खेळ खेळावेत, हे कित्येक स्नेह्यांना रुचत नसे. एकदा सामना चालू असता एका सोबत्याच्या तोंडून अपशब्द निघाला. जवळच नायस्मिथ उभे आहेत हे ध्यानात येताच तो ओशाळला व त्याने त्यांची क्षमा मागितली. नायस्मिथ विचारात पडले. उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता क्रीडांगणावर माणसाला वळण लावता येते, हे त्यांना उमगले. त्यांच्या आयुष्याची दिशा तेथेच ठरली.

१८९० साली ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील व्यायामशिक्षकांच्या विद्यालयात गेले. हिवाळ्यात बाहेर बर्फ साचे, आणि व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतीला विद्यार्थी कंटाळून जात. अशाच एका अठरा तरुणांच्या वर्गापुढे दोन शिक्षकांनी हात टेकले होते. प्रमुखांनी तो वर्ग नायस्मिथ यांच्याकडे सोपवला व नवा खेळ शोधण्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली. मैदानी खेळ त्यांनी व्यायामशाळेत आणून पाहिले. पण जागा अपुरी, त्यामुळे धक्काबुक्की होऊ लागली. मुदत संपत आली. तेव्हा त्यांनी खेळांचे मर्म शोधण्यास प्रारंभ केला. चेंडू घेऊन धावण्याची मुभा असते, म्हणून प्रतिस्पर्धी त्या खेळाडूला पाडू पाहतात. तेव्हा धावण्यासच बंदी घालावी. लहानपणी दगडावर ठेवलेला दगड नेम धरून पाडण्याचा खेळ ते खेळत. त्यात जोरापेक्षा अलगद उंच फेकीचा उपयोग अधिक होई. म्हणून लक्ष्य डोक्याच्या वर असावे. त्यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या दहा फूट उंचीवरील सज्जाला ठोकण्यात आल्या. तेरा नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले. डिसेंबर १८९१ मध्ये नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ खेळले आणि बास्केटबॉल जन्मास आला.

नव्या खेळाची कीर्ती झपाट्याने पसरली. नायस्मिथ मात्र तिच्यावर विसंबून राहिले नाहीत. डेन्व्हर शहरी व्यायाम शिकवीत असतानाच त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाने त्यांना शारीरिक शिक्षणासाठी व प्रार्थनामंदिराच्या कार्यासाठी बोलावले. बास्केटबॉलच्या संघाचे मार्गदर्शनही ओघानेच त्यांच्याकडे आले. १९०७ पर्यंत त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाच्या जनकाच्याच वाट्याला विजयांहून पराभव अधिक आले! त्याचे त्यांना वैषम्य वाटले नाही. खेळाने निकोप शरीर आणि सरळ मन घडावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांचे शिष्य फॉग ॲलन पुढे थोर प्रशिक्षक झाले. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेन्डन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला. वर्णभेदामुळे त्याला विद्यापीठाच्या संघात स्थान नव्हते. वृद्ध नायस्मिथांनी त्याला आपल्या छायेखाली घेतले. मॅक्लेन्डनही पुढे नामांकित प्रशिक्षक झाले.

१९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिम्पिक सामन्यांत बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. अमेरिकेतील प्रशिक्षकांनी निधी जमवून नायस्मिथ यांना तेथे पाठवले. आपल्या दोन टोपल्यांचा खेळ देशोदेशींचे तरुण खेळत असल्याचे त्यांनी डोळे भरून पाहिले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स या गावी त्यांनी देह ठेवला.

लाकूडतोड, धर्मशास्त्र, व्यायाम, वैद्यक अशा अनेक वाटांनी हा पुरुष चालला. परंतु माणूस घडवण्याचे त्याचे ध्येय एकच होते. त्या साठ पराभवांनी त्याचे मोठेपण तसूभरही उणे झाले नाही.