अंगठ्याचा ठसा

मंडळाच्या शिवणवर्गात ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावायला शिकवताना मला दर वेळी पॅरिसच्या एका शिवणकर्त्या बाईंची आठवण होते. मादलेन व्हिओने हे त्यांचे नाव. नुसत्या पट्टीपुरते नव्हे, तर सबंध पोशाखासाठी कापड उरेब, म्हणजे तिरके धरून कापण्याची कला त्यांनी पूर्णत्वास नेली. वर्गात नमुन्यांवरून रुसवेफुगवे होतात, म्हणून त्यांचे चरित्र भगिनींना थोडक्यात सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म १८७६ साली फ्रान्समधील गरीब घरात झाला. आई लवकरच घर सोडून गेली, वडिलांनी वाढवले. बाराएक वर्षांच्या असतानाच शाळा सुटली आणि हाती सुई आली. अठराव्या वर्षी लग्न झाले. परंतु तान्ही मुलगी दगावली आणि संसारही मोडला. बाई खचल्या नाहीत. लंडनला जाऊन त्यांनी शिवणावर पोट भरले. पॅरिसला परतून कालो भगिनींच्या प्रसिद्ध शिवणगृहात अनुभव घेतला आणि १९१२ साली स्वतःचे शिवणगृह काढले. महायुद्धात ते बंद पडले, तरी युद्धानंतर पुन्हा उभे केले.

लहानशा लाकडी बाहुलीवर कापड फिरवून त्या पोशाख बेतीत. तिरके कापड अंगाबरोबर ताणते आणि झुळझुळत खाली येते. एकेका पोशाखामागे कितीतरी प्रयोग असत. नकला करणारे मात्र एक पोशाख विकत घेत, उसवीत आणि त्याबरहुकूम ढीगभर शिवून स्वस्तात विकीत. श्रम एकीचे, पैसा दुसऱ्याचा!

बाई गप्प बसल्या नाहीत. प्रत्येक पोशाखाचे त्यांनी आरशांपुढे छायाचित्र काढवले, म्हणजे पुढची, मागची आणि बाजूची ठेवण एकदमच दिसे. फ्रान्समधील १९०९ च्या कायद्याने नमुन्यांना संरक्षण होते; तंटा झालाच तर हे अल्बम पुरावा ठरत. शिवाय पोशाखाच्या चिठ्ठीवर सही आणि स्वतःच्या अंगठ्याचा ठसा! आपल्याकडे अंगठा उठवणे ही निरक्षरतेची खूण. या बाईंनी त्याची कर्तृत्वाची मोहोर केली.

त्यांच्याकडे शेकडो बायका काम करीत. त्यांना पगारी रजा, दवाखाना, पाळणाघर अशा सोयी होत्या. नमुना चोरीला गेला म्हणजे त्यांच्याही ताटातला घास जाई.

माझा झबल्याचा एक नमुना एका दुकानदाराने न विचारता उचलला, तेव्हा आपली सारी विद्या कुलपात ठेवावी असे मला वाटले होते. या चरित्राने मला तारतम्य शिकवले. कायद्याने बाईंचा पोशाख राखला. उरेब कापण्याची रीत काही त्यांच्या एकटीची झाली नाही. ती जगभर गेली आणि इतरांनी तीतून नवे पोशाख काढले. दोन्ही योग्यच झाले. नमुना जिचा तिचा, टाका सर्वांचा.

१९३९ साली शिवणगृह बंद झाले. १९५२ साली त्यांनी आपले पोशाख आणि अल्बम जतनासाठी देऊन टाकले. १९७५ साली, वयाची ९८ वर्षे पुरी करून, त्या वारल्या. चोर पकडण्यासाठी केलेले ते अल्बम पुढे अभ्यासकांचे पाठ्यपुस्तक झाले.

तेव्हा भगिनींनो, शेजारणीचा नमुना आवडला तर तिला विचारून घ्यावा, चारचौघींत तिचे नाव सांगावे, आणि पुढच्या खेपेला त्यात आपला एक टाका नवा घालावा.