शाहीर अमर शेख

१ मे रोजी आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो, पण त्याच तारखेचा कामगार दिन मात्र आपल्या कार्यक्रमात येत नाही. शाहीर अमर शेख यांचे या दोन्ही दिवसांशी नाते होते.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना गाण्याची गोडी लागली. घरची गरिबी, म्हणून मोटारीवर क्लीनर झाले, मग गिरणीत कामगार. बार्शीच्या गिरणी संपात पुढे राहिल्यामुळे विसापूरचा तुरुंग घडला आणि तिथे कम्युनिस्ट विचारांची ओळख झाली. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांकडे असताना अमर शेख हे नाव मिळाले.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पाळी संपवून थकून आलेला कामगार भाषणाला थांबेलच असे नाही, पण डफ वाजला की थांबतो. युनियनचे म्हणणे पत्रकापेक्षा पोवाड्यातून चाळीत लवकर पोचत असणार, असे आम्हांला वाटते. त्यात आवाज पहाडी!

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही हाच आवाज गाजला. १९५६ पासून मुंबई आणि आपले वडोदरे एकाच द्विभाषिक राज्यात होते. १९६० ला वाटा वेगळ्या झाल्या. त्यांनी ज्या राज्यासाठी गळा ताणला, त्यात आपण नाही. तरीही ते आम्हांला परके वाटत नाहीत, कारण गिरण्या वडोदऱ्यातही होत्या.

१८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले. २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या अपघातात, अमर शेखही.