डोंबिवली स्टेशनवर सुचलेले गणित

12345678987654321. हा सतरा आकडी मनोरा डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखाच! नऊ 'एक' शेजारी-शेजारी मांडले आणि त्या संख्येला तिनेच गुणले की तो उभा राहतो. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, असा पायरी-पायरीने चढत जातो. दहा 'एक' घेतले की मात्र हातचे येऊन सगळी घडी विस्कटते.

अशा संख्यांना नाव मिळाले ते आपल्याच रेल्वेमार्गावरून. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना त्या डेमलो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला सुचल्या, म्हणून 'डेमलो संख्या'. आसनगावहून कल्याण-मुंबईला जाताना आपण किती वेळा हे स्टेशन ओलांडतो, हो ना?

कापरेकरांचा जन्म 1905 चा, डहाणूचा. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते, पालघर 2014 साली वेगळा झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, ज्योतिषाचा नाद असलेले, त्यामुळे आकडेमोड घरातच. शाळा ठाण्याला, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, 1929 मध्ये बी.एस्सी. पुढची मोठी पदवी नाही. 1930 ते 1962 देवळालीला शाळामास्तर! पदवी नसलेल्या मास्तरांचे काम म्हणजे पोरखेळ, असे आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना वाटायचे. मास्तर मात्र पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. त्या पगारात घरची ओढाताण कशी होत असेल, हे मैत्रिणींनो, आपल्याला सांगायला नकोच.

1949 साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी 6174 ची गंमत मांडली. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकच नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वेळात 6174 येणारच. मुरबाडकडच्या आमच्या एका बचत गटात मी हे करायला दिले. एकीने आपले जन्मसाल घेतले, 1979. उत्तरे आली 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सहाव्या खेपेला 6174. शाळा चौथीत सुटलेली बाई, पण वजाबाकी एकदाही चुकली नाही. मग सासूचे साल, मुलीचे साल... हप्त्याचा हिशेब राहिला बाजूलाच!

1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिले आणि जगाला मास्तर कळले. तोवर निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती. पेन्शन पुरत नसे, म्हणून ते शिकवण्या घेत. 1986 साली ते गेले.

आणखी एक. जिच्या आकड्यांच्या बेरजेने तिलाच नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, आनंद देणारी. 18 घ्या, 1 आणि 8 नऊ, नवाने अठराला भाग जातो. वरच्या मनोऱ्याच्या आकड्यांची बेरीज 81. लावा भाग, बाकी शून्य उरते.